आजी सत्तरीच्या की अडुसष्टच्या? इग्लूलिक, 1952

जानेवारी 1952 पासून कॅनडात वयाची सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न किती हे न विचारता, महिना 40 डॉलर पेन्शन सुरू झाली. 1927 च्या जुन्या पेन्शन कायद्यातून इनुइटांना, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांना, वगळलेलं होतं; या वेळी तेही पात्र ठरले. त्यामुळे उत्तर कॅनडातल्या बर्फाळ किनाऱ्यांवर, जिथे तोवर कुणाला फारसा पडलेला नव्हता असा एक प्रश्न अचानक पैशाचा झाला: तुमचं वय किती?

या लेखातलं प्रकरण तिथल्या इग्लूलिक गावाच्या परिसरातलं आहे. आजी काल्पनिक आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांच्या वयाची चौकशी करताना जे पुरावे वापरले आहेत ते त्या मुलखात मिळत त्याच जातीचे आहेत, आणि जहाजं, सालं, महिने खरे आहेत. प्रश्न साधा: आजींचा जन्म जानेवारी 1882 च्या आधीचा की नंतरचा?

पहिलं उत्तर आणि त्यात काय चुकतं

‘तुम्हाला किती हिवाळे आहेत?’ असं इनुक्तितुत या इनुइटांच्या भाषेत वय विचारतात. ‘उकिउक’ म्हणजे हिवाळा आणि तोच शब्द वर्षालाही चालतो. आपल्याकडे ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतात त्यातलीच ही गोष्ट. आजींनी खांदे उडवून ‘पुष्कळ’ असं उत्तर दिलं, तर त्यांना मोजता येत नाही असं समजू नये. मोजणी पक्की आहे आणि ती अंगावरच चालते. पाच म्हणजे एक हात, सहाला दुसऱ्या हाताकडे ओलांडून जायचं, दहानंतर खाली पायांकडे उतरायचं, आणि हातापायांची बोटं संपली की वीस. ग्रीनलंडच्या बोलीत वीसला शब्दशः ‘माणूस संपवून’ म्हणतात. सत्तर म्हणजे तीन माणसं संपवून वर दोन हात. अशी गणती करता येते, पण स्वतःच्या जन्मापासून ती कुणी चालू ठेवलेली नसते. 1883-84 मध्ये बॅफिन बेटावर राहिलेल्या मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी लिहून ठेवलं आहे की तिथली माणसं मागे दोन आणि पुढे दोन, याच्या पलीकडे वर्षं मोजत नाहीत. महिन्यातला दिवस मात्र चंद्राच्या कलेवरून ती अगदी काटेकोर सांगत, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. या प्रकरणाची गोम इथेच आहे. महिना नेमका आणि वर्ष सैल, आणि चौकशी करणारा नेमकी वर्षाची मागणी घेऊन येतो.

लहान मुलांचे हिवाळे आया मोजत, पण त्यातही एक खाच आहे. एक मूल एप्रिल 1945 चं, दुसरं नोव्हेंबर 1945 चं. दोघांचाही पहिला हिवाळा 1945-46 चाच. मे 1961 मध्ये दोघांच्या नावावर सोळा-सोळा हिवाळे लागतात, पण एक सोळा पूर्ण झालेला आणि दुसरा साडेपंधराचा. मुलांचा सरकारी भत्ता 1945 साली सुरू झाला आणि तो सोळाव्या वर्षी थांबत असे. म्हणजे हा सहा-सात महिन्यांचा फरक घरातल्या पिठा-दुधाचा फरक होता. हिवाळे ऐकले की पाठोपाठ ‘जन्म उजेडातला की अंधारातला?’ हे विचारावंच लागतं.

महिना: इथे आजी पक्क्या आहेत

आजी सांगतात, ‘आई म्हणायची, मी नट्टियानमध्ये झाले, समुद्राच्या बर्फावरच्या इग्लूत.’ हे विधान सोन्यासारखं आहे. ते का, हे कळायला इग्लूलिकचं वर्ष पाहावं लागतं.

गाव 69 अंश उत्तरेच्या थोडं वर. नोव्हेंबर संपता संपता सूर्य बुडतो तो जानेवारीच्या मध्याला परत दिसतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळतच नाही. वर्ष तेरा चंद्रांचं, आणि नावं बहुतेक जनावरांवरून. ‘सिकिन्नारुत’ म्हणजे सूर्य परत येतो तो चंद्र. मग ‘कांगात्तार्सान’, सूर्य वर चढतो तो. ‘अवुन्नीत’मध्ये सीलची अपुऱ्या दिवसांची पिल्लं जन्मतात आणि थंडीत मरतात. ‘नट्टियान’ म्हणजे सीलची पूर्ण दिवसांची पिल्लं, साधारण मार्च-एप्रिल. ‘तिरिग्लुइत’ दाढीवाल्या सीलच्या पिल्लांचा. ‘नुर्राइत’ कॅरिबूच्या, म्हणजे उत्तरेतल्या हरणाच्या, पाडसांचा, ‘मन्नीत’ अंड्यांचा. ‘सग्गारूत’मध्ये कॅरिबूचे केस विरळ होतात, ‘अकुल्लिरूत’मध्ये दाट होऊ लागतात, आणि ‘अमिराइजाउत’मध्ये त्याच्या शिंगांवरची मखमली साल सुटते. मग ‘उकिउलिरूत’, हिवाळा लागला. त्यानंतरचा ‘तुसाक्तूत’ म्हणजे ‘ऐकू येतं’: समुद्र गोठला, कुत्र्यांच्या गाड्या चालू लागल्या, दुसऱ्या तळावरची माणसं भेटू लागली, कोण मेलं कोण जन्मलं ते कळू लागलं. शेवटचा ‘ताउविक्जुआक’, मोठा अंधार.

तेरा चंद्रांचे दिवस होतात 384 आणि सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. हा हिशेब कुठेतरी जुळवायलाच हवा, आणि तो अंधारात जुळवला जाई. कल्पना करा, एका वर्षी नवा चंद्र 20 डिसेंबरच्या सुमारास लागला. तो 18 जानेवारीपर्यंत चालणार आणि त्याच्या पोटातच सूर्य परत येणार. मग हाच सिकिन्नारुत. ताउविक्जुआक त्या वर्षी गळाला. पुढच्या वर्षी बारा चंद्र 9 डिसेंबरला संपतात, मध्ये एक आख्खा चंद्र बिनसूर्याचा जातो, तेव्हा ताउविक्जुआक धरायचा. त्यानंतर पुन्हा दोन वर्षं तो गळतो. बोआस यांनी नेमकं हेच टिपलं: मकर संक्रमणाच्या वेळी, म्हणजे सूर्य सर्वांत खाली असताना, अमावास्या जुळून आली की बिनसूर्याचा महिना गाळतात. त्यांनी ‘काही वर्षांनी एकदा’ असं लिहिलं आहे; पण आकडेमोड केली तर 19 वर्षांत तो 12 वेळा गाळावा लागतो आणि 7 वेळा राहतो. हे सात ओळखीचे वाटले का? आपल्याकडे 19 वर्षांत अधिक महिने येतात तेही सातच. आपण बारा धरून धोंडा महिना वाढवतो, ते तेरा धरून अंधाराचा महिना वजा करत. शिलकीत उत्तर एकच.

पंचांगकर्ता नव्हता, कुणी आकडे मांडत नव्हतं. खूण आकाशात होती. डिसेंबरच्या मध्यावर पहाटेच्या फिकट उजेडात गरुड मंडलातला श्रवण तारा आणि त्याच्या शेजारचा तारा, दोघं मिळून ‘आग्जूक’, उगवताना दिसले की अंधाराची पाठ फिरू लागली. त्या दिवसांत चंद्राची कोवळी कोर मात्र भरवशाची नाही. ती सूर्याच्या जवळ, म्हणजे क्षितिजाखालीच असते. दिसते तेव्हा दोन-चार दिवसांची झालेली असते. डिसेंबरची पौर्णिमा याच्या उलट: चंद्र दिवसचे दिवस मावळतच नाही. आणि जूनमध्ये तर पौर्णिमेचा चंद्र बहुतेक वर्षी उगवतच नाही, शिवाय आभाळ चोवीस तास उजळलेलं. म्हणून उन्हाळ्यातले महिने नावाला चंद्राचे, प्रत्यक्षात अंड्यांचे आणि केसांचे. पक्षी अंड्यांवर बसले की मन्नीत.

परत आलेल्या सूर्याचा दिवस घराघरांत पाळला जाई. तेलाचे दिवे मुलं विझवत आणि मग एका नव्या वातीवरून सगळे पुन्हा पेटवत. सूर्याकडे पाहून अर्ध्या तोंडानेच हसायचं. एक गाल उन्हाला, दुसरा अजून थंडीला. वर्षाची शिवण इथे होती. ज्याला वर्षाचा पहिला दिवस म्हणता येईल असं काही असेल तर ते हे.

तर आजींचा नट्टियान. आईच्या लक्षात तो राहिला कारण बर्फावरचा तळ, ताज्या पिल्लांचं मांस, आणि पिल्लांच्या पांढऱ्या कातड्याचे अंगडे. नोंद करताना इथे दोन चुका होतात. एक, ‘नट्टियान म्हणजे एप्रिल’ असं ठोकून देणं. एखाद्या वर्षी हा चंद्र मार्चच्या मध्यालाच लागतो. दुसरी चूक जास्त महागात पडते: महिन्यांची नावं अक्षांशागणिक आणि टोळीगणिक बदलतात. आजींची आई दक्षिणेकडून, रिपल्स बेच्या बाजूने आली असेल तर तिच्या तोंडचं नाव इग्लूलिकच्या यादीत बसवण्याआधी ‘तेव्हा काय मारत होतात, बर्फ कसा होता?’ हे विचारायला हवं. जनावर खोटं बोलत नाही.

वर्ष: आकडा नको, क्रम हवा

आता मुख्य काम. आजींना ‘कोणत्या साली’ विचारून काही निघत नाही. ‘कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, कुठे असताना’ विचारलं की पाट वाहू लागतो. जागा तर कधीच चुकत नाही. कोणत्या हिवाळ्यात तळ अव्वाज्जाला होता, कोणत्या वर्षी कापुइविकला, हे म्हाताऱ्यांना घराच्या दारासारखं पाठ.

आजींच्या जबानीत चार धागे निघतात.

पहिला धागा नावाचा. बाळाला नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं, मग तो पुरुष असो की बाई. नावांना लिंग नाही. आजींचं नाव एका म्हाताऱ्याचं आहे, ज्याने लहानपणी ‘पारी’ची जहाजं बघितली होती. पारी म्हणजे ब्रिटिश दर्यावर्दी पॅरी; त्याची ‘फ्युरी’ आणि ‘हेक्ला’ ही जहाजं 1822-23 चा हिवाळा इग्लूलिकला अडकून होती. तेव्हा तो मुलगा दहाचा धरला तर 1881 मध्ये अडुसष्टचा. जन्म 1890 चा असता तर त्याने सत्त्याहत्तरी गाठायला हवी होती. अशक्य नाही, पण वजन अलीकडच्या तारखेच्या विरोधात पडतं. धागा कच्चा आहे, गाठ मारायला पुरत नाही.

दुसरा धागा जहाजाचा. आजी म्हणतात, ‘कापिताइकल्लाकचं जहाज आलं तेव्हा मोठा मुलगा चालत होता, धाकटा अमाउतीत होता.’ अमाउती म्हणजे पाठीवर मूल ठेवायची पिशवी असलेला बाईचा कोट; दोन-अडीच वर्षांपर्यंतचं मूल त्यात मावतं. कापिताइकल्लाक, ‘बुटका कप्तान’, हे कॅनडाचं सरकारी जहाज घेऊन येणाऱ्या कॅप्टन बर्निए यांचं इनुइट नाव. चौकशी करणारा इथे खुश होतो आणि 1906 लिहून मोकळा होतो. थांबा. बर्निए एकदा आलेले नाहीत. 1906-07 चा हिवाळा त्यांनी पाँड इनलेटजवळच्या अल्बर्ट हार्बरला काढला, 1910-11 चा आर्क्टिक बेला, 1912 पासून काही वर्षं ते स्वतःच्या व्यापारासाठी आले, आणि 1922 ते 1925 पुन्हा सरकारी जहाज घेऊन. ‘बुटक्या कप्तानाचं साल’ म्हणजे जवळजवळ वीस वर्षांचा पसारा. पुढचा प्रश्न म्हणून साल विचारायचं नाही, जागा विचारायची: जहाज कुठे गोठलं होतं? आजी म्हणतात, अल्बर्ट हार्बरला. जोडीला ‘तेव्हा जमिनीवर कंपनीचं दुकान होतं का?’ हेही विचारावं. हडसन्स बे कंपनीचं पाँड इनलेटचं ठाणं 1921 चं. ते नसेल तर 1922 पासूनच्या सगळ्या खेपा बाद. राहिला 1906-07, आणि 1912 नंतरच्या व्यापारी खेपांची थोडी शंका. ती घालवायला विचारायचं की जहाजावर किती माणसं होती, मोठं होतं की छोटं. सरकारी ‘आर्क्टिक’ मोठं जहाज होतं.

1906-07 धरलं तर धाकटा 1904 ते 1906 मधला. अंगावर पाजणाऱ्या आयांच्या बाळंतपणात साधारण तीन वर्षांचं अंतर पडे, म्हणजे मोठा 1901 ते 1903 चा.

तिसरा धागा इथूनच सुरू होतो, आणि सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. कारकून ‘मोठा मुलगा’ म्हणजे पहिलं मूल समजतो, बाईचं पहिलं बाळंतपण सतरा-अठराव्या वर्षी धरतो, आणि आजींचा जन्म 1884-85 ठरवतो. पेन्शन गेली. पण ‘मोठा’ हा घरात असलेल्यांतला मोठा. जी जगली नाहीत त्यांच्याबद्दल वेगळं, हळू आवाजात विचारावं लागतं. आणि ‘तिगुआक’, दत्तक दिलेलं मूल, हे तर आई स्वतःहून मोजतच नाही, कारण ते आता दुसऱ्याचं. पहिलं मूल आजीला किंवा सासूला देणं ही अगदी नित्याची गोष्ट. या आजींनीही पहिली मुलगी सासूला दिली होती, अर्थात विचारल्यावर कळलं. ती मोठ्या मुलापेक्षा दोन-तीन हिवाळ्यांनी मोठी, म्हणजे 1898 ते 1901 ची. पहिलं बाळंतपण सोळा ते वीसच्या दरम्यान धरलं तर आजींचा जन्म 1878 ते 1885 मध्ये येतो. खिडकी रुंद झाली, पण आता ती खरी आहे.

चौथा धागा बहिणीचा. नात्याचे शब्द वय सांगतात, पण सगळे नाही. बहिणीची मोठी बहीण ‘अंगाजुक’, धाकटी ‘नुकाक’, भावाभावांतही तसंच. बहिणीने भावाला मात्र ‘अनि’ म्हणायचं, तो मोठा असो वा धाकटा. म्हणून आजींच्या भावाचा कागद मिळाला तर त्यावरून क्रम लागत नाही, बहिणीचा शोधावा. धाकटी बहीण, नुकाक, हयात आहे. आजींच्या चेहऱ्यावर गोंदलं, म्हणजे पहिली पाळी आल्यावर, तेव्हा धाकटी अजून आईच्या अमाउतीत होती. गोंदण बारा ते पंधराच्या सुमाराचं, बहीण तेव्हा दोन-अडीचची. म्हणजे अंतर दहा ते तेरा वर्षांचं. धाकटीचं पहिलं मूल 1910-11 च्या हिवाळ्यात, जहाज आर्क्टिक बेला असताना, पोटात होतं. तेव्हा ती सोळा ते वीसची, म्हणून जन्म 1891 ते 1895. आजी त्याच्या दहा-तेरा वर्षं आधीच्या, म्हणजे 1878 ते 1885. पहिल्या खिडकीशी जुळतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं एकमेकांवर बसली याला किंमत आहे, पण खिडकी काही बारीक झाली नाही. ती बारीक होते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. आठ-दहा समवयस्कांची उतरंड लावायची: कोण कुणाला पाठीवर घेत असे, कुणाची पहिली शिकार कुणाच्या आधी झाली. मग प्रत्येकाला 1903 (पाँड इनलेटला स्कॉटिश व्हेलवाल्यांचं ठाणं), 1906, 1910 आणि 1921 ते 1924 (रिपल्स बेजवळ तळ ठोकलेली डॅनिश ‘पाचवी थूले मोहीम’) या खुंट्यांना बांधायचं. एकाची खुंटी घट्ट बसली की वरच्या-खालच्यांच्या खिडक्या आपोआप आवळतात. या प्रकरणात ती 1879 ते 1882 पर्यंत आली असं धरू.

फसवणारे पुरावे

दातांवरून वय सांगू नये. बूट शिवायला कातडी चावून मऊ करणाऱ्या बायकांचे दात चाळिशीतच झिजून सपाट होत. त्यावरून वय लावलं तर पंचावन्नची बाई सत्तरीची दिसते.

हाकेवरून तर मुळीच नाही. ज्याचं नाव मिळालं त्याचं नातंही बाळाकडे येतं. आजींना आजोबांच्या वयाच्या म्हाताऱ्याचं नाव आहे, म्हणून त्याची खरी मुलगी, आजींपेक्षा तीस वर्षांनी मोठी, आजींना ‘बाबा’ म्हणते. दारात उभं राहून नातं लिहून घेणाऱ्याच्या वहीत मग बाप मुलीपेक्षा लहान निघतो. प्रत्येक नात्यानंतर ‘नावावरून की रक्तावरून?’ हा प्रश्न ठरलेलाच.

1941 पासून गळ्यात घालायला दिलेल्या क्रमांकाच्या चकतीचाही वयाशी संबंध नाही. ती माणूस ओळखायला होती, आणि तेवढ्यापुरती कामाची. एकच नाव तीन अधिकाऱ्यांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं असलं तरी चकतीचा क्रमांक तोच राहतो. कागद जुळवायला तो पहिला बघावा.

आणि सोयीची तारीख. महाराष्ट्रात पन्नाशीच्या पुढच्या किती जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो ते बघा. शाळेत घालताना गुरुजींनी बसवून दिलेला. ‘बहात्तरच्या दुष्काळात झाला’ एवढं आईला ठाऊक होतं, आणि ते 1 जूनपेक्षा जास्त खरं होतं. रकान्यात पूर्ण तारीख भरली की मागची खिडकी कायमची पुसली जाते. पुढच्या अधिकाऱ्याला ती तारीख कमावलेली की बसवलेली, हे कळायला वाव राहत नाही.

नोंद

म्हणून नोंद अशी व्हावी: जन्म नट्टियानचा (मार्च-एप्रिल), समुद्राच्या बर्फावर, वर्ष 1879 ते 1882, आधार: दत्तक दिलेली पहिली मुलगी, अल्बर्ट हार्बरचं जहाज, धाकट्या बहिणीचं गर्भारपण. जानेवारी 1952 ला सत्तरी पूर्ण असण्यासाठी 1879, 1880, 1881 यांतला कोणताही नट्टियान चालतो. 1882 चा चालत नाही. चारांपैकी तीन घरं आजींच्या बाजूने. शंकेचा फायदा द्यायचा असेल तर तो इथे द्यावा आणि तसं लिहून द्यावा.

त्याच दिवशी धाकट्या बहिणीचा कागद काढून बघायचा राहू नये. तिची नोंद दुसऱ्या कुणी, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या तळावर केलेली असते. तिथे दातांकडे बघून 1880 लिहिलेलं सापडलं, तर नुकाक अंगाजुकच्या बरोबरीची किंवा तिच्याहून मोठी ठरते. आजी हे ऐकून हसतील, कारण त्यांच्या लेखी त्या कागदात फक्त तेवढंच चुकलेलं आहे.